वर बघा

आमच्या केळीवाल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपला चार वर्षं दार होतं, पण आत जागा नव्हती. २०१७ साली जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरकडच्या काही जणांनी तो व्हॉट्सॲपवर काढला, वर्षभरात २५६ माणसं झाली आणि ग्रुप भरला. तेव्हा मर्यादाच तेवढी होती. मग एसटीत उभं राहून कोण उतरतंय ते बघावं, तसं सुरू झालं. कोणी बाग मोडून पुण्याला नोकरीला गेला, कोणी भांडून निघाला, की एक सीट मोकळी. आधीचे ॲडमिन आबा, त्यांचे डोळे अधू झाले म्हणून ॲडमिनपद माझ्याकडे आलं (निवडणूक वगैरे काही नाही), आणि खताच्या उधारीच्या वहीत मागच्या पानावर मी वेटिंगची नावं लिहू लागलो. एकेचाळीस नावं होती.

आतली माणसं तीच ती असल्यामुळे बोलणं फार कमी शब्दांत चालायचं. बऱ्हाणपूरच्या बाजाराचा केळीचा भाव आला की आमच्यातले जुने जाणते नाना फक्त ‘थांबा’ किंवा ‘काढा’ एवढंच लिहायचे. कोणी नुसता पानाचा फोटो टाकायचा, खाली एक शब्द यायचा, ‘करपा’ (पानांवरच्या ठिपक्यांचा रोग), आणि विषय संपायचा. कोणाची मृग बाग (जूनच्या सुमाराची केळी), कोणाचा कांदे बाग (ऑक्टोबरच्या सुमाराची), कोणाच्या विहिरीचं पाणी एप्रिलातच तळाला जातं, हे सगळ्यांना पाठ. विचारायची गरजच नव्हती.

२०२२ च्या जूनमध्ये मर्यादा ५१२ झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात १०२४. मला वाटलं, देव पावला. वहीतली एकेचाळीस नावं एका संध्याकाळी घेतली, त्यांनी आपापले भाऊबंद सुचवले, आणि मृग लागवडीच्या धांदलीत आठवडाभरात सव्वाशे नवी माणसं आत आली. चोपडा, शिरपूर, मुक्ताईनगर, थेट मध्य प्रदेशाच्या हद्दीपर्यंतची.

स्वागत तर आम्ही जंगी केलं. कोणी आत आलं की जुने लोक फुलांचे गुच्छ, जोडलेले हात, ‘हार्दिक स्वागत’चे बॅनर टाकायचे. एका माणसामागे तीस-चाळीस निरोप. ॲडमिन म्हणून मलाही बरं वाटायचं, आपली माणसं कशी मनमोकळी आहेत म्हणून. शिरपूरकडच्या एका पोराने आल्या आल्या अहिराणीत लिहिलं होतं, ‘मन्हा बागमा पानं पिवळा पडी राह्यनात, काय करू?’ त्याचा प्रश्न त्याच्याच स्वागताच्या फुलांखाली गाडला गेला. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं. एकाने त्याच्या बोलीची नक्कल केली, चार जण हसले. तिसऱ्या दिवशी नानांनी उत्तर दिलं: ‘कालच झालं आहे. वर बघा.’

हे ‘वर बघा’ आमच्या ग्रुपचं ब्रीदवाक्य होतं म्हणा ना. भाव विचारला, वर बघा. विम्याची मुदत विचारली, वर बघा. नानांचा त्यात उद्धटपणा नव्हता. ज्या माणसाने एकच गोष्ट पाच वर्षांत दोनशे वेळा सांगितली, त्याने आणखी काय म्हणावं?

पावसाळा संपेपर्यंत सव्वाशेतले चाळीसएक गेले. गंमत अशी की हे कोणाला दिसलंच नाही. त्याच सुमारास व्हॉट्सॲपने बदल केला होता, कोणी ग्रुप सोडला तर ते फक्त ॲडमिनला कळायचं. बाकीच्यांच्या लेखी सगळं झकास चाललेलं. रात्री मोबाइल उघडला की अमुक गेले, तमुक गेले. मी ते कोणाला सांगितलंही नाही. उलट मनात म्हटलं, नव्याचे नऊ दिवस, ज्यांना गरज नाही ते जाणारच.

डिसेंबरात शिरपूर तालुक्यात भाच्याच्या शेतात भरीत पार्टी होती. काड्यांच्या जाळावर वांगी भाजणं चाललं होतं, धूर डोळ्यांत जात होता, आणि भाचा म्हणाला, ‘मामा, तुमच्या ग्रुपमधून मी निघून आलो. तिकडे कोणी बोलत नाही.’ मी चिडलोच. म्हटलं, अरे, सगळं लिहिलेलं असतं, तुम्ही पोरं वर जाऊन वाचत नाही. त्याने काही न बोलता मोबाइल हातात दिला. त्याच्याकडे ग्रुप अजून उघडत होता, नवे निरोप तेवढे बंद. मी बोटाने वर वर सरकवत गेलो. त्याला जोडल्याची ओळ आली, आणि त्याच्या वर काही नाही. कोरं.

नवा माणूस आला की त्याला आधीचं काहीच दिसत नव्हतं. ॲडमिन असून मला हे ठाऊक नव्हतं, कारण माझ्या मोबाइलवर २०१७ पासूनचं सगळं होतं. आम्ही सहा महिने लोकांना अशा माळ्यावर चढायला सांगत होतो, जो त्यांच्या घराला नव्हताच. त्या दिवशीचं भरीत मला गोड लागलं नाही.

परत आलो आणि पहिला उपाय केला तो पार फसला. ‘सर्वांना नम्र विनंती’ अशी सुरुवात करून चौदा नियम लिहिले. हे विचारू नये, ते टाकू नये, शुभ सकाळ बंद. माझ्या बायकोने वाचलं आणि म्हणाली, ‘हे बोलावणं आहे का नोटीस?’ त्या रात्री आणखी दोघं गेले.

मग मी एक केलं. त्या पिवळ्या पानाच्या पोराला फोन लावला, माफी मागितली आणि विचारलं, शेवटी काय निघालं? तो म्हणाला, दुकानदाराने तीन फवारण्या करायला लावल्या, उपयोग झाला नाही, दीडशे झाडं गेली. मी विचारलं, पानं वरची पिवळी होत होती का खालची? म्हणाला, वरची, पोग्याजवळची, म्हणजे मधून निघणाऱ्या नव्या पानाजवळची. चट्टे आणि रेघा. लागवड जूनची. म्हणजे सीएमव्ही, कुकुंबर मोझॅक व्हायरस. आमचे जुने लोक त्याला हरण्या म्हणतात. ढगाळ पावसाळी हवेत कोवळ्या बागेवर येतो, मावा किडीमुळे पसरतो, आणि त्याला औषध नाही. झाड उपटून लांब नेऊन पुरायचं, मावा आवरायचा, बागेत नि शेजारी काकडी-भोपळा-टोमॅटो ठेवायचा नाही. पहिल्या दिवशी हे कळतं तर वीस-पंचवीस झाडांवर भागलं असतं. खालची जुनी पानं असती तर करप्याची शंका, आणि उपाय निराळा. नानांनी हे झोपेतही सांगितलं असतं. फक्त त्यांना ‘लागवड कधीची, पान कुठलं’ हे माहीत हवं होतं, आणि त्या पोराला ते सांगायचं असतं हे माहीत नव्हतं.

तेव्हा मला कळलं की नव्या माणसाकडे प्रश्न असतो, पण तो आमच्या पद्धतीने मांडता येत नाही. मग फुलं बंद केली. एकदम बंद, त्यावरून दोन जण रुसले. कोणी आत आलं की मी एकट्याने एक मिनिटाचा आवाजी निरोप पाठवायचा. लिहिलेलं कोणी वाचत नाही, पण आवाज बांधावर बसूनही ऐकतात. त्यात मी चार गोष्टी विचारतो: गाव, लागवडीची तारीख, कंद का टिश्यूची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं, पाणी किती दिवस पुरतं. नव्याने एवढं सांगितलं की जुन्यांना तो दिसायला लागतो. ‘अरे, हा तर आपल्या तापीकाठचा,’ असं कोणीतरी म्हणतंच. शिवाय त्याचा पहिला प्रश्न दिवस मावळायच्या आत कोणीतरी घ्यायचाच. कोणी म्हणजे कोण, तर वार ठरवले. सोमवार आबांचा मुलगा, मंगळवार मी, असे.

गुरुवार नानांना दिला आणि तिथे ठिणगी पडली. ‘आम्ही काय नोकर आहोत का?’ असं लिहून ते ग्रुपमधून निघून गेले.

मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. चहा झाला, दुसरा झाला. नाना म्हणाले, ‘पाच वर्षं आम्ही आपसात बोलत होतो. आता रोज सकाळी उठून परक्या माणसाला अ आ ई शिकवायची. मग आम्ही बोलायचं कुठे?’ मला उत्तर सुचलं नाही. नव्यांच्या नादात जुन्यांची बसायची जागा मी त्यांना न विचारता देऊन टाकली होती. शेवटी जुन्या चाळीसएक जणांचा वेगळा छोटा ग्रुप काढला. थट्टा, राजकारण, कोणाच्या पोराचं लग्न, सगळं तिकडे. नाना दोन्हीकडे आले, पण अट घातली: ‘मी लिहिणार नाही. ज्याला अडलं त्याने फोन करायचा, नाहीतर माझ्या बागेत यायचं.’ पुढच्या थंडीत चरका पडला, म्हणजे थंडीने केळीला फटका बसला, तेव्हा त्यांच्या बागेत एका रविवारी सोळा जण उभे होते.

बारीकसारीक अडचणी पुष्कळ निघाल्या. आत येणाऱ्याचा नंबर सगळ्यांना दिसतो, हे आम्ही कधी मनावर घेतलं नव्हतं. चोपड्याकडच्या एक ताई आल्या आणि दोन दिवसांत त्यांना औषधं विकणाऱ्यांचे फोन सुरू झाले. तेव्हापासून आत घेण्याआधीच सांगतो की ताई, तुमचा नंबर सहाशे लोकांना दिसेल, चालेल का? तीन विक्रेते काढले. २०२३ च्या डिसेंबरात निरोप वर पिन करायची सोय आली, तेव्हा त्या चार प्रश्नांची चिठ्ठी पिन केली. पण पिन जास्तीत जास्त तीस दिवस टिकते. तारीख लक्षात राहत नाही, म्हणून मी ती दर अमावस्येला नव्याने लावतो. घरचे म्हणतात, उतारा टाकताय का.

त्या चोपड्याच्या ताईंनी आल्याच्या महिन्यात सीएमव्हीचा फोटो पाठवला होता, तोही ग्रुपवर नाही, मला एकट्याला विचारल्यासारखा. मी नानांचा नंबर दिला. नानांनी साठ झाडं उपटायला लावली. ताईंचा जीव तुटत होता, ‘नाना, पाहिजे तर अर्धी ठेवू का?’ असं दोनदा विचारलं म्हणे. उपटली.

यंदा जुलैत मुक्ताईनगरकडून एक नवा माणूस आला. माझा आवाजी निरोप जायच्या आतच त्याने घाईने लिहिलं, ‘पानं पिवळी पडत आहेत, कोणतं औषध मारू?’ गुरुवार होता, नानांचा वार. नाना बागेत होते. पाच मिनिटांत ताईंचं उत्तर आलं, ‘दादा, औषध थांबवा. लागवड कधीची? पान वरचं का खालचं?’

थोड्या वेळाने छोट्या ग्रुपवर नानांचा निरोप पडला. कधी नव्हे ते लिहिलेला.

‘हिला कोणी शिकवलं भो?’