पक्षाचा रकाना नसलेल्या राज्यातला अपक्ष

गेल्या रविवारी सांगोल्याहून मामांचा फोन आला आणि पिकापाण्याचे बोलणे संपल्यावर त्यांनी विचारले, "तुमचा तो सँडर्स नेमका कुठल्या पक्षाचा गं? टीव्हीवर एकदा डेमोक्रॅट म्हणतात, एकदा अपक्ष म्हणतात." सँडर्स म्हणजे मी राहते त्या अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याचे सेनेटर, बर्नी सँडर्स. मामांनी सारी हयात लाल बावट्याखाली, म्हणजे शेतकरी कामगार पक्षात काढली. माणसाचा पक्ष कळल्याशिवाय त्याच्याविषयी पुढचे काही बोलता येत नाही, असे त्यांना मनापासून वाटते. फोनवर मला नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मला स्वतःला हा प्रश्न पहिल्यांदा पडला तो २०१८ च्या ऑगस्टमध्ये. बर्लिंग्टन या इथल्या शहरात मतदार म्हणून नाव नोंदवताना मी अर्जावर पक्षाचा रकाना शोधत होते, कारण अमेरिकेत मतदारही पक्षाच्या नावाने नोंदला जातो असे मी ऐकले होते. व्हरमाँट राज्यात तसा रकानाच नाही. प्राथमिक निवडणुकीच्या, म्हणजे पक्षांचे उमेदवार मतदारांनीच ठरवण्याच्या, दिवशी केंद्रावरच्या वयस्कर बाईंनी माझ्या हातात डेमोक्रॅटिक, रिपब्लिकन आणि प्रोग्रेसिव्ह अशा तीन पक्षांच्या तीन मतपत्रिका ठेवल्या. त्यांतली हवी ती एक भरायची आणि उरलेल्या दोन कोऱ्याच वेगळ्या पेटीत टाकायच्या. आपण कोणती भरली हे कोणी विचारत नाही. डेमोक्रॅटिक पत्रिकेवर सेनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, जागेसाठी बर्नी सँडर्स यांचे नाव होते. ती प्राथमिक निवडणूक ते जिंकले, पक्षाची उमेदवारी त्यांनी नाकारली, आणि नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे 'अपक्ष' असे छापून आले. २००६ मध्ये सेनेटची पहिली निवडणूक लढवतानाही त्यांनी हेच केले होते. मी त्या नावापुढचा लंबगोल काळ्या शाईने भरला खरा, पण घरी येईपर्यंत मनात एकच विचार होता, की आमच्याकडे याला काय म्हटले असते!

आमच्याकडे अपक्ष म्हणजे बहुतेक वेळा उमेदवारी न मिळालेला बंडखोर. १९९५ साली विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले आणि युतीचे सरकार त्यांच्यातल्या अनेकांच्या पाठिंब्यावर उभे राहिले, तेव्हापासून त्या शब्दाला आलेला वास अजून गेलेला नाही. शिवाय आपल्या राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणे, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याप्रमाणे, अपक्ष म्हणून निवडून आलेल्या सदस्याने नंतर एखाद्या पक्षात प्रवेश केला तर त्याचे सदस्यत्व जाते, आणि पक्षाच्या सदस्याने पक्षादेश मोडला तरी जाते. इथे पक्षादेश मोडला म्हणून कोणाची जागा जात नाही. त्यामुळे सँडर्स अपक्ष निवडून येतात, सेनेटमध्ये डेमोक्रॅटिक गटाबरोबर बसतात, त्या गटाचे बहुमत असते तेव्हा त्याच्या वाट्याची समित्यांची अध्यक्षपदेही भूषवतात आणि तरीही अपक्षच राहतात. २०२२ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रात जे घडले ते दुरून पाहिलेल्या मला सुरुवातीला या मोकळेपणाची भीतीच वाटली होती.

ती भीती कमी झाली ती त्यांची वाटचाल वाचत गेल्यावर. जन्म १९४१ चा, ब्रुकलिनचा. शिकागो विद्यापीठात असताना ते वर्णभेदाविरुद्धच्या चळवळीत आणि समाजवादी तरुणांच्या संघटनेत होते. १९६३ मध्ये कृष्णवर्णीय मुलांना वेगळ्या शाळांत ठेवण्याच्या विरोधातल्या निदर्शनात त्यांना अटक झाली आणि पंचवीस डॉलर दंड झाला. १९६८ च्या सुमारास ते व्हरमाँटला येऊन राहिले. तेथे 'लिबर्टी युनियन' नावाच्या छोट्या पक्षातर्फे १९७२ ते १९७६ या काळात दोनदा सेनेटसाठी आणि दोनदा गव्हर्नरपदासाठी उभे राहून चारही वेळा पडले, आणि १९७७ मध्ये तो पक्षही त्यांनी सोडला. त्यांनी रीतसर सोडलेला पक्ष एवढा एकच.

त्यानंतर चार वर्षांनी, मार्च १९८१ मध्ये, त्यांनी बर्लिंग्टनच्या महापौरपदाची निवडणूक अपक्ष म्हणून लढवली आणि अनेक वर्षे त्या खुर्चीत बसलेल्या डेमोक्रॅट गॉर्डन पॅकेट यांना फेरमोजणीनंतर अवघ्या दहा मतांनी हरवले. दहा मते म्हणजे आमच्या वाड्यावरची दोन घरे. नगरमंडळातल्या तेरा सदस्यांपैकी मोजके दोघे त्यांच्या बाजूचे होते आणि बाकीच्यांनी त्यांच्या नेमणुका अडवून धरल्या. पण पुढच्या तीन निवडणुकाही ते जिंकले. त्यांच्याभोवती जमलेल्या कार्यकर्त्यांच्या आघाडीतूनच पुढे आजचा व्हरमाँटचा प्रोग्रेसिव्ह पक्ष उभा राहिला, आणि गंमत नव्हे तर खरी गोष्ट अशी, की त्या पक्षातही सँडर्स स्वतः कधी दाखल झाले नाहीत.

महापौर असताना त्यांनी केलेल्या एका कामावर मी जास्त लिहिणार आहे, कारण ते मी डोळ्यांनी पाहते. १९८४ मध्ये शहराने दोन लाख डॉलर घालून एक सामुदायिक जमीन न्यास सुरू करून दिला. घर विकत घेणाऱ्याचे, पण घराखालची जमीन न्यासाची. घर विकायचे झाल्यास वाढलेल्या किमतीचा ठरावीक हिस्साच विकणाऱ्याला मिळतो, उरलेला घरातच राहतो, म्हणजे पुढच्या घेणाऱ्यालाही ते परवडते. माझ्या शेजारच्या गल्लीत अशा घरात एक परिचारिका राहते. तिच्या आधी तिथे शाळेच्या बसचा चालक राहत होता, आणि दोघांनाही ते घर पगारावर घेता आले. पुण्यात फ्लॅट घेताना माझ्या भावाने वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेतले, तेव्हा मला या घराची फार आठवण झाली. आता कोणी म्हणेल की चव्वेचाळीस-पंचेचाळीस हजार वस्तीच्या गावात हे सोपे असते. मान्य आहे, पण तेवढ्या वस्तीची गावे आपल्याकडेही आहेत.

१९९० मध्ये ते प्रतिनिधिगृहात, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, निवडून गेले. तिथे चाळीस वर्षांत अपक्ष आला नव्हता. स्वतःला समाजवादी म्हणवणाऱ्या माणसाला गटात घ्यायला काही डेमोक्रॅट तयार नव्हते, म्हणून समित्यांपुरते त्यांना त्या पक्षाबरोबर मोजायचे अशी तडजोड झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी रॉन डेलम्स, मॅक्सिन वॉटर्स अशा काही डेमोक्रॅट सदस्यांबरोबर काँग्रेशनल प्रोग्रेसिव्ह कॉकस हा पुरोगामी सदस्यांचा गट स्थापन केला आणि त्याचे पहिले अध्यक्ष हे पक्ष नसलेले गृहस्थच झाले. कॅनडा आणि मेक्सिकोबरोबरचा 'नाफ्टा' हा मुक्त व्यापार करार आणि इराक युद्ध यांच्या विरोधात त्यांनी मत दिले. २०१० च्या आरोग्य विमा कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला तो सामुदायिक आरोग्य केंद्रांसाठी अकरा अब्ज डॉलरची तरतूद करून घेऊन. इथे आल्यावर पहिल्या वर्षी माझ्याकडे धड विमा नव्हता आणि दाढ ठणकत होती, तेव्हा अशाच एका केंद्रात माझे उत्पन्न विचारून त्या मानाने शुल्क लावले गेले. त्या खिडकीवरच्या मुलीने फॉर्म वाचून मान वर केली आणि "एवढ्यात होईल" असे म्हटले, ते वाक्य मी विसरलेले नाही.

मामांना मी हेही सांगितले, की त्यांचे सगळेच मला पटत नाही. १९९३ मध्ये बंदूक खरेदीपूर्वी चौकशी सक्तीची करणाऱ्या ब्रेडी कायद्याच्या विरोधात त्यांनी मत दिले, आणि २००५ मध्ये बंदूक कारखान्यांना खटल्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या बाजूने. व्हरमाँटच्या खेड्यांत घरोघर शिकारीची बंदूक असते आणि मते तिथलीच घ्यायची होती. नंतर ते या भूमिकेवरून मागे आले, पण ती मते नोंदीत आहेत. तसेच २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाचा आधार घेतला, २०१९ मध्ये आपण डेमोक्रॅट असल्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली आणि त्याच सुमारास सेनेटसाठी अपक्ष म्हणून कागदपत्रेही भरली. हे मला आजही नीट पचत नाही. त्यांच्या बाजूने मी एवढेच म्हणेन, की पक्षाचे नाव त्यांनी वापरले असले तरी मागण्या एकदाही बदलल्या नाहीत. सर्वांना सरकारी आरोग्य विमा आणि श्रीमंतांवर जास्त कर, हे ते पन्नास वर्षे त्याच आवाजात मागत आहेत.

यावर मामा म्हणाले, "मग आमचे आबासाहेब काय कमी होते?" कमी मुळीच नव्हते. गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा आमदार झाले, १९७८ आणि १९९९ मध्ये मंत्री झाले आणि पक्ष मात्र शेवटपर्यंत एकच ठेवला. अमेरिकेतल्या या अपक्षाचे कौतुक करताना मला सांगोल्याच्या स्टँडवर एसटीची वाट पाहणारे आबासाहेब आठवतात, आणि मी इथले नागरिकत्व घेतले म्हणून माझी माणसे परकी झाली असे जे गावात बोलले जाते ते किती चुकीचे आहे हेही वाटून जाते.

मामांनी शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्याकडे नव्हते. आबासाहेबांनी २०१९ मध्ये निवडणूक लढवली नाही आणि ती जागा हजारापेक्षा कमी मतांनी गेली, पण पक्ष गावात होता, बावटा होता, म्हणून २०२४ मध्ये ती परत आली. सँडर्स २०२४ मध्ये त्र्याऐंशीव्या वर्षी चौथ्यांदा सेनेटवर निवडून आले. मुदत जानेवारी २०३१ पर्यंत आहे. "त्यांच्या मागे त्यांची जागा कोण चालवणार, पक्षच नाही तर?" असे मामांनी विचारले. मी जमीन न्यासाच्या घराविषयी सांगू लागले. मामांनी ते पूर्ण ऐकून घेतले आणि त्या न्यासाचे नियम मराठीत लिहून पाठव म्हणाले, कारण तालुक्याच्या गावठाणातल्या जागांचा प्रश्न पुढच्या बैठकीत यायचा आहे. मी कालपासून ते लिहायला घेतले आहेत.