सकाळी आखडलेले हात दुपारी कसे चालतात?

"सकाळी बोटं हलत नाहीत म्हणतेस, आणि दुपारी तर मंडईत दिसलीस!" हे मला जाऊबाईंपासून खालच्या मजल्यावरच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी ऐकवलंय. कुणी काळजीनं, कुणी तिरकसपणे. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते: दोन्ही खरं आहे.

मला आमवात आहे, डॉक्टर रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. पहाटे दुधाची पिशवी कापायला कात्री घेते. कडीत अंगठा जातो, पण दाबायला बोटांत जोरच नसतो. मूठ अर्ध्यावर अडते, पेरं सुजून चकाकतात. मग पिशवी दातांनी फाडायची आणि नवऱ्याची बोलणी खायची. कुकरचं झाकण त्याच्याचकडे. दहाच्या पुढे मात्र हात सैलावायला लागतात आणि दुपारी मी कोथिंबीर निवडत बसलेली असते.

यामागे हॉर्मोन आहेत. सांध्यात सूज पेटवणारी रसायनं, त्यातही इंटरल्यूकिन-६, रात्रभर वाढत जाऊन पहाटे शिगेला पोचतात. त्यांना आवरणारं कॉर्टिसॉल हे हॉर्मोन किडनीवरच्या अॅड्रिनल ग्रंथीतून येतं. ते मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी असतं आणि उठायच्या वेळेला चढतं. आमच्यासारख्यांत ते चढतं खरं, पण सुजेच्या मानानं तोकडं पडतं. शिवाय वरातीमागून घोडं. तोवर सुजेतल्या प्रोस्टाग्लॅंडिन नावाच्या रसायनांनी सांध्यातल्या नसा इतक्या हळव्या केलेल्या असतात, की एरवी जाणवणारही नाही अशा बोट वाकवण्यानंही कळ येते. म्हणून काही संशोधकांनी रात्री दहाच्या सुमारास घ्यायची आणि पोटात चारेक तासांनी सुटणारी प्रेडनिसोनची (म्हणजे कॉर्टिसॉलसारखं काम करणाऱ्या स्टेरॉइडची) गोळी वापरून पाहिली. तेवढीच मात्रा सकाळी घेणाऱ्यांपेक्षा या लोकांचा सकाळचा आखडलेपणा कमी झाला. ही चाचणी २००८ साली छापून आली. औषध तेच, फक्त वेळ बदलली!

दुसरा प्रश्न सासूबाईंचा: "पोटुशी होतीस तेव्हा कशी टुणटुणीत होतीस?" होतेच. आमवात असलेल्या बऱ्याच जणींना गरोदरपणात आराम पडतो आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत दुखणं उसळून येतं. मलाही बाळाला लंगोट बांधताना रडू यायचं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या फिलिप हेंच यांना हेच खटकलं होतं. १९२९ मध्ये त्यांच्या एका संधिवाताच्या रुग्णाला कावीळ झाली आणि सांधे दुखायचे थांबले. पुढे गरोदर बायकांतही तसंच दिसलं. शरीर स्वतःच काहीतरी बनवत असणार, हा त्यांचा कयास. सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका २९ वर्षांच्या बाईला कॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलचंच भावंड असलेलं हॉर्मोन, टोचलं, आणि आठवड्याभरात ती बाजारात खरेदीला गेली. (तिलाही कुणी तिरकसपणे विचारलं असेल का, कोण जाणे.) १९५० मध्ये हेंच आणि या हॉर्मोनांवर काम करणारे रसायनतज्ज्ञ केंडाल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. गरोदरपणातल्या आरामाचं सगळं श्रेय मात्र कॉर्टिसॉलला देता येत नाही. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही बायकांची हॉर्मोनही वाढलेली असतात, आणि बाळाला परकं मानू नये म्हणून आईची प्रतिकारशक्तीही पवित्रा बदलते.

पाळी जाताना दुखणं वाढतं का, हेही बायका हळूच विचारतात. त्या वयात इस्ट्रोजेन घटतं, आणि सांधे दुखल्याची तक्रारही खूपच ऐकू येते. माझ्या नणंदेला स्तनाच्या कर्करोगानंतर इस्ट्रोजेन दाबणारी गोळी सुरू आहे, आणि तिचे गुडघे-मनगटं सकाळी माझ्यासारखीच कुरकुरतात. सूज नाही, आमवात नाही, तरी. त्या गोळीनं असं होणं नवं नाही, पण तिला ते आधी कुणी सांगितलंच नव्हतं. याचा मला राग आहे.

आणि जाऊबाईंची पुडी. कुठल्याशा वैदूकडून आणलेली, "दोन दिवसांत आराम" म्हणून. दोन दिवसांत आराम म्हटलं की मला धसकाच बसतो. अशा पुड्यांत चोरून स्टेरॉइड मिसळल्याचं आपल्याकडे उघडकीला आलेलं आहे. आत किती आहे ते घेणाऱ्याला कळत नाही. महिनोन्‌महिने घेतलं की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवायचं सोडते, आणि पुडी अचानक थांबवली तर जिवावर बेतू शकतं. माझं स्टेरॉइड डॉक्टरांनी मोजून दिलेलं आहे, कमी करायचं तेही तेच ठरवतात. पुडी मी परत केली. जाऊबाई काही दिवस फुरंगटल्या होत्या.