तुम्ही विचारलंत म्हणून: बातमी असताना व्यंगचित्र कशाला?

इंदुरातले मराठी वाचक हा प्रश्न हमखास विचारतात. सविस्तर बातमी छापलीच आहे, मग शेजारी ते चित्र कशाला?

व्यंगचित्र बातमी सांगत नाही. ती तुम्ही वाचलीय असं धरून चालतं. बातम्यांत वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन गोष्टी ते एका चौकटीत बसवतं. आपला बीआरटीएस, म्हणजे रेलिंग लावून बससाठी वेगळा राखलेला रस्ता, घ्या. ए. बी. रोडवर तो 2013 मध्ये सुरू झाला, 2024 मध्ये काढायची घोषणा झाली, 2025 मध्ये उच्च न्यायालयाने मोकळीक दिली. यावर पहिली सुचते ती रडणारी बस. ती टाकून द्यावी, कारण ती गावभर सगळ्यांना सुचलेली असते. (पावसाळ्यात राजवाड्यासमोरची होडीही तसलीच.) त्यापेक्षा रेलिंगचा एकच नट, त्यावर पाना लावून बसलेला मजूर आणि वही घेतलेला बाबू: "आवळल्याचं बिल करू की सोडल्याचं?" निर्णय बरोबर की चूक, यावर चित्र गप्प आहे. पण छप्पन दुकानवर पोहे खाताना वाद होईल तो खर्चावरच.

कल्पना चांगली असूनही चित्र फसतं ते बारीकसारीक गोष्टींत. एका कॉलमचं चित्र दुप्पट मापात काढतात. अर्ध्यावर आणताना दाट रेघोट्या एकमेकींत मिसळून काळा डाग होतो, म्हणून रेघांत अंतर जास्त ठेवावं. बाबूच्या पाठीवर 'प्रशासन' लिहावं लागलं, तर बाबू नीट जमलेला नाही. संवाद दहा-बारा शब्दांत, आणि चौकटीच्या आतच. खाली वेगळा टाइप केला की व्हॉट्सॲपवर फिरताना कातरला जातो, मग उरतो नुसता मजूर आणि लोक त्यालाच हसतात.

व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांचं डिसेंबर 1975 मधलं चित्र पाहा. आणीबाणी चालू आहे. राष्ट्रपती बाथटबमध्ये बसून सही केलेला कागद दाराबाहेर देताहेत. आणखी अध्यादेश (संसद भरलेली नसताना राष्ट्रपतींच्या सहीने निघणारे तातडीचे कायदे) असतील तर जरा थांबायला सांगा, म्हणताहेत. घाईबद्दल अवाक्षर नाही, सगळं त्या टबात आलं. आजच्या कॉलेजातल्या मुलाला ते दाखवलं, तर आधी अध्यादेश म्हणजे काय तिथून सुरुवात करावी लागते.