दुसरासना देवकरता काबर भांडस?

श्रावणात कानबाई या आमच्या खानदेशातल्या देवीच्या रोटांच्या सणासाठी मी अमळनेरला जाते, तेव्हा माझे थोरले बंधू, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात, मला न चुकता अहिराणीत विचारतात, "तू देव मानस नही, मंग दुसरासना देवकरता काबर भांडस?" शाळेतले जुने सहकारी हेच प्रमाण मराठीत आणि थोडे जपून विचारतात. जिला कोणताच धर्म नको, तिने एखाद्याच्या नमाजासाठी, एखाद्याच्या चर्चसाठी आपली माणसे का दुखवावीत, हे त्यांना खरोखरच कळत नाही. मी आजवर तुटक उत्तरे दिली, आणि त्यातली काही उद्धटही होती. आता एकदाच नीट लिहिते.

जळगावच्या शाळेत मी एकतीस वर्षे विज्ञान शिकवले. रोजच्या प्रार्थनेला मी उभी राहत असे, पण हात जोडत नसे, आणि एकाही मुख्याध्यापकांनी मला त्याबद्दल जाब विचारला नाही. हा माझ्या धैर्याचा परिणाम आहे, असे मी कित्येक वर्षे मानत होते. मग नाशिकच्या एका शिक्षकाची बातमी वाचली. प्रार्थनेत हात जोडले नाहीत म्हणून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली होती आणि त्यांना मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. 2013 साली न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. माझे हात मोकळे असताना कोणी काही बोलले नाही, कारण हजेरीपटावर माझ्या नावापुढे पाटील होते. 'मॅडमचे विचार जरा वेगळे आहेत' एवढ्यावर माझी नास्तिकता खपून जात होती.

हे मला त्या बातमीच्या आधीच कळायला हवे होते, कारण 2012 च्या पावसाळ्यात मला ते शिकवणारा प्रसंग घडून गेला होता. आमच्या सोसायटीत चौदा सदनिका आहेत. दुसऱ्या मजल्यावरचे कुटुंब पुण्याला गेले आणि त्यांनी आपली सदनिका आमच्याच शाळेतल्या गणिताच्या सरांना विकायचे ठरवले. सर मुसलमान. इसाराची रक्कमही दिली गेली होती. एका रविवारी संध्याकाळी जिन्याखालच्या जागेत खुर्च्या मांडून सभा झाली, आणि सदनिका विकताना किंवा भाड्याने देताना 'संस्थेच्या वातावरणाशी जुळणाऱ्या शाकाहारी कुटुंबाचाच' विचार व्हावा, असा ठराव वाचला गेला. त्याच दुपारी चौदांपैकी निदान पाच घरांतून मटणाच्या रश्श्याचा वास जिन्यात येत होता, आणि त्या पाचांत माझे घर होते. सरांचे नाव कोणी उच्चारले नाही. कोणी त्यांना वाईटही म्हटले नाही. उलट 'माणूस चांगला आहे, पण उद्या त्यांचे नातेवाईक येतील' असे एक जण अगदी कळवळून बोलले. मी कार्यकारिणीची सदस्य होते. इतिवृत्ताची वही माझ्यापुढे आली आणि मी सही केली.

सही करताना मी स्वतःला काय सांगितले, ते मला आजही स्पष्ट आठवते. ही दोन धर्मांतली ओढाताण आहे, मी दोन्हींच्या बाहेर आहे, आणि बाहेरच्या माणसाने कोणाचीच बाजू घेऊ नये, असा तो युक्तिवाद होता. तो मला तेव्हा तत्त्वनिष्ठ वाटला होता.

सरांना चार दिवसांत सगळे कळले. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत आम्ही दोघेच असताना ते म्हणाले, "मॅडम, बाकीच्यांचं मी समजू शकतो. तुम्ही तर देवच मानत नाही. निदान तुम्हाला तरी माझ्या नमाजाची भीती वाटणार नाही, असं मला वाटलं होतं." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मी काही तरी पुटपुटले, बहुमताचा निर्णय होता असे काही तरी. त्यांनी मान हलवली आणि तपासायच्या वह्या पुढे ओढल्या. पुढे त्यांना घर मिळाले ते त्यांच्याच समाजाच्या वस्तीत, शाळेपासून दूर. तिथे राहायला गेल्यावर आमच्यातलेच लोक म्हणाले, "बघा, हे लोक आपल्यात मिसळत नाहीत."

माझ्या बाजूने सांगण्यासारखे थोडेफार आहे, ते सांगते. मी विरोध केला असता तरी ठराव तेरा विरुद्ध एक असा मंजूर झालाच असता. कायदाही मला फारसा उपयोगी पडला नसता. एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली सदस्यत्व आपल्याच समाजापुरते राखण्याचा नियम वैध ठरवला होता. हे सगळे मी नंतर शोधून वाचले, आणि वाचताना मी स्वतःसाठी सबब शोधते आहे, हेही मला कळत होते.

पंचविशीत मी याहून कठोर होते. साने गुरुजी आमच्या अमळनेरच्या शाळेत शिकवून गेलेले, त्यामुळे 1947 च्या त्यांच्या पंढरपूरच्या उपोषणाची गोष्ट घरात वारंवार निघे. विठ्ठलाचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून माणसाने प्राण पणाला लावावेत, हे मला वाया घालवलेले बळ वाटे. गाभाऱ्यात दगडाखेरीज काही नाही, मग आत जाण्याचा हट्ट कशाला, असे मी वडिलांशी भांडून म्हणत असे. आजही माझ्या मते गाभाऱ्यात दगडच आहे. पण उंबरठ्यावर अडवलेल्या माणसाला 'आत काही नाही' हे त्या मुलीने सांगायचे, जिला कोणत्याही देवळात कधी कोणी अडवले नव्हते, यातला निर्दयपणा मला तेव्हा दिसला नाही. 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, सरकारी अर्जात 'मला धर्म नाही' असे लिहिण्याचा नागरिकाला अधिकार आहे, आणि त्या दिवशी मला फार आनंद झाला. सरांनी तो रकाना कोरा ठेवला, तरी त्यांचे नाव तो भरून काढते. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्माच्या आचरणाआधी सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य येते. माझे न मानणे आणि त्यांचे मानणे एकाच वाक्यात बसलेले आहे, आणि त्यातला माझा अर्धा भाग वापरून मी त्यांच्या अर्ध्यावर सही करून आले.

तरीही सगळे मिटले असे नाही. 2017 मध्ये कोइमतूरला फारूख या निरीश्वरवादी तरुणाचा खून झाला, तेव्हा मी सरांना विचारले होते की, तुमच्या वस्तीत कोणी उघडपणे अल्ला नाही म्हणाला, तर तुम्ही त्याच्या बाजूने उभे राहाल का? ते बराच वेळ गप्प होते, आणि मग म्हणाले, "माहीत नाही, मॅडम." त्यांना ते विचारण्याचा अधिकार मला होता का, हे मला अजून ठरवता आलेले नाही. धर्माच्या नावाने बाईवर, दुबळ्यावर जे लादले जाते त्याला माझा विरोध आहे, मग तो धर्म कोणाचाही असो, आणि त्यावरून सरांशी माझे वाद होतात. ते होत राहतील.

गेल्या वर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तो ठराव रद्द करावा, असा प्रस्ताव मी मांडला. माझ्यासह तीन मते पडली. नानांना हे कळल्यावर त्यांनी रोटाच्या ताटावरच तो प्रश्न पुन्हा विचारला. सरांना मी अजून काही सांगितलेले नाही. येत्या सभेसाठी तोच प्रस्ताव मी सचिवांकडे दिला आहे आणि त्याची पोच घेतली आहे.