एका अक्षराचा प्लग

परवा कामाला घेतलेली टू-स्ट्रोक मोटारसायकल चाळीस वर्षांची होती. सकाळी तिच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग बदललं. जुन्यावरचा नंबर पुसला गेला होता, म्हणून मापायचा व्हर्निअर लावला: आतून 15 मिलिमीटर, बाहेरून 42, रुंदी 13. म्हणजे 6302 नंबरचं बेअरिंग. ही मापं जगभर ठरलेली आहेत, गाडी कुणीही आणि कधीही बनवलेली असो. बाहेरच्या रिंगवर नळा ठेवून ठोकलं आणि नवं बेअरिंग हबमध्ये बसलं. अशा वेळी या धंद्याचा फार अभिमान वाटतो.

मग स्पार्क प्लग काढायला घेतला. पाव फेरा फिरला आणि अडला. तिथेच थांबून हेड, म्हणजे प्लग ज्यात बसतो ते सिलिंडरचं झाकण, उतरवायला हवं होतं. मी पान्याला पाईप लावला. प्लग करकरत बाहेर आला, आट्यांत हेडचं ॲल्युमिनियम घेऊनच.

प्लगवर एनजीके कंपनीचा बी7ईएस हा नंबर होता. या हेडला लागतो बी7एचएस. 'बी' म्हणजे 14 मिलिमीटरचे आटे, दोन्हींना सारखेच. पानाही एकच लागतो. पण 'एच'ची आट्यांची लांबी 12.7 मिलिमीटर, 'ई'ची 19. जास्तीचे 6.3 मिलिमीटर आटे जळणाच्या जागेत उघडे पडले होते. पिस्टनला लागले नाहीत म्हणून गाडी महिनोन्‌महिने चालली आणि त्या आट्यांवर कार्बन दगडासारखा चढला. तो हेडमधून ओढला की मऊ धातू सोलला जाणारच.

हा प्लग आधीच्या कुणा मेकॅनिकने बसवलेला. जुना आणि नवा शेजारी धरून बघायला दहा सेकंद लागतात. तेवढं न करणाऱ्यांचा मला संताप येतो.

हेड उतरवून हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवलं. त्यासाठी आटे पाडायचा टॅप काटकोनात धरायचा, अर्धा फेरा पुढे, पाव मागे, किस झाडायचा. टॅप तिरका गेला तर वॉशर नीट दबत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. दुपार त्यात गेली, पण आटे पुन्हा 14 चेच झाले आणि बी7एचएस हातानेच तळापर्यंत गेला.

गाडी न्यायला आलेले काका प्लग हातात फिरवत म्हणाले, "पण हा तर व्यवस्थित बसला होता ना?"

बसला होता. 14 च्या आट्यांचं माप इतकी दशकं टिकलं म्हणूनच या गाडीला आजही नवा प्लग मिळतो. आणि आटे तेच, म्हणून चुकीचाही तितक्याच सहज आत गेला. काकांना मी मापं दाखवली. त्यांनी मान डोलावली, पण प्लग बराच वेळ हातातून ठेवला नाही.