मोपासाँची दहा-बारा पानं, रन्वारची चाळीस मिनिटं

उद्यापासून एम.ए. फ्रेंचच्या वर्गात ‘साहित्य आणि सिनेमा’ सुरू. पहिला पाठ ‘मादाम बोव्हारी’ या कादंबरीचा घ्यावा असा मोह होतोच. तिच्यावर दिग्दर्शक रन्वारचा १९३४ चा चित्रपट आहे, शाब्रोलचा १९९१ चा आहे, शिवाय आपल्याकडचा केतन मेहतांचा ‘माया मेमसाब’ आहे. पण कादंबरी जाडजूड. बी-१ (मध्यम) पातळीचं फ्रेंच असलेली मुलं ती पुरी करत नाहीत, सारांश वाचून येतात, आणि मग वर्गात नुसती कथानकं शेजारी-शेजारी ठेवली जातात. म्हणून सुरुवात मोपासाँच्या ‘युन पार्ती द काँपान्य’ (गावाकडची सहल) या कथेनं. कथा १८८१ ची, दहा-बारा पानांची. झाँ रन्वारनं तिच्यावर चित्रपट काढला तो चाळीस मिनिटांचा. तीन तासांच्या एका सत्रात कथा मोठ्यानं वाचून होते, चित्रपट सलग पाहून होतो आणि एका प्रसंगावर बारकाईनं काम करायला तासभर तरी उरतो.

आधी कथा, मग चित्रपट, यात तडजोड नको. नटी सिल्व्हिया बाताय एकदा पडद्यावर दिसली की कथेच्या नायिकेला, आँरिएतला, दुसरा चेहरा मिळत नाही, आणि वर्णनाचे परिच्छेद मुलं सरळ ओलांडून जातात. नेमकं त्या परिच्छेदांतच सगळं आहे.

खोलीची तयारी आदल्या दिवशीच करायची. १९३६ साली चित्रित झालेल्या या चित्रपटाची चौकट जवळजवळ चौकोनी, रुंदी १.३७ तर उंची १. आपले प्रोजेक्टर १६:९ वर लावलेले असतात आणि चित्र आडवं ताणतात. आँरिएत जाडी दिसते आणि कडेच्या झाडांचा तोल जातो. मेनूत जाऊन ४:३ करावं, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्यावेत. दुसरी अडचण वेळेची. मूळ चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा, म्हणजे २४ स्थिर चित्रांचा. जुन्या युरोपीय डीव्हीडीवर तो २५ नं पळतो. त्यामुळे एकाच्या प्रतीत १० मिनिटांवर येणारा क्षण दुसऱ्याच्या प्रतीत ९ मिनिटं ३६ सेकंदांवर येतो. सगळ्यांनी एकाच प्रतीवर काम करावं, नाहीतर अर्धा वेळ ‘सर, माझ्याकडे ते तिथे नाहीये’ यातच जातो.

पहिल्यांदा सबटायटल्ससह, न थांबवता. मग बेटावरचा प्रसंग सबटायटल्स बंद करून, आवाजही बंद करून. डोळे पडद्याच्या तळाशी खिळलेले असले की कॅमेरा कुठे आहे हे कळतच नाही. तिसऱ्यांदा आवाजासह, शॉट-शॉट थांबवत. शॉट म्हणजे दोन कटांमधला सलग तुकडा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ दाबलं की एकेक चौकट पुढे सरकते. कट नेमका कुठे आहे ते त्यावरच कळतं.

तक्ता साधा असावा: शॉटचा क्रमांक, सुरुवात-शेवट, आकार (जवळचा की लांबचा), कॅमेरा हलतो की नाही, आवाज, आणि शेवटी ‘कथेतली ओळ’. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो भरला तर पुरावा मिळतो, रिकामा राहिला तर प्रश्न मिळतो.

चुका ठरलेल्या असतात. मुलं शॉट आणि प्रसंग यांची गल्लत करतात. ‘कॅमेरा जवळ येतो’ असं लिहितात. प्रत्यक्षात कॅमेरा जागचा हललेला नसतो, कट होऊन जवळचा शॉट आलेला असतो. हा फरक पहिल्याच दिवशी पक्का करून घ्यावा. आणि तक्त्यात ‘सुंदर’, ‘भावपूर्ण’ असे शब्द चालणार नाहीत हे फळ्यावर लिहूनच ठेवावं.

आता तो प्रसंग. द्युफूर हा पॅरिसचा लोखंडी सामानाचा दुकानदार. दूधवाल्याची गाडी मागून घेऊन तो बायको, सासू, मुलगी आणि दुकानातला पोरगा यांना घेऊन नदीकाठी जेवायला आला आहे. मुलगी आँरिएत होडीवाल्या आँरीबरोबर बेटावर जाते. तिथे मोपासाँ माणसांकडे पाहणंच सोडून देतो आणि नाइटिंगेल पक्ष्याचं गाणं लिहितो. आधी तीन भेदक सूर, मग शांतता, मग संथ आलाप, मग वाढत जाणारी लय. त्या झाडाखाली काय घडतंय ते वाचकाला गाण्याच्या लयीतून कळतं. सिनेमात पक्ष्याचा आवाज खराखुरा ऐकू येतो, पण रन्वार तेवढ्यावर भागवत नाही. पडदाभर आँरिएतचा चेहरा येतो, डोळ्यांत पाणी. कथेत पक्ष्यानं जे झाकलं, ते इथे चेहरा उघडं करतो.

लगेच पुढे वारा, वाकलेलं गवत, काळे ढग, आणि नदीवर पाऊस. कॅमेरा पाण्यावरून मागे मागे सरकत जातो. कथेत पाऊस नाही. त्या उन्हाळ्यात चित्रीकरणाच्या वेळी पावसानं पिच्छा सोडला नाही, म्हणून रन्वारनं तो चित्रपटात घेतला, हे मुलं कुठेतरी वाचून येतात आणि तिथेच थांबतात. त्यांना शेवटच्या रकान्याकडे परत न्यावं. दोघं उठतात तेव्हा मोपासाँ लिहितो की निळं आकाश त्यांना काळवंडल्यासारखं वाटलं, तळपता सूर्य त्यांच्या डोळ्यांपुरता विझला. कथेत जे दोघांच्या मनात होतं, तेच पडद्यावर खरं हवामान होऊन येतं. माझ्या मते सबंध अभ्यासक्रमात दाखवण्यासारखी इतकी स्वच्छ जागा दुसरी नाही. ती मुलांनी स्वतः शोधावी, म्हणून आपण आधी बोलू नये.

‘दिग्दर्शकाला असं म्हणायचं होतं’ हे वाक्य इथे जपून वापरायला लावायचं. रन्वार काम अर्धवट सोडून दुसऱ्या चित्रपटाकडे गेला. पुढे तो अमेरिकेत असताना मार्गरीत रन्वारनं संकलन पुरं केलं, जोझेफ कोज्मानं संगीत दिलं, आणि १९४६ मध्ये चित्रपट आला. कथेत दोन महिन्यांनी आँरी र्‍यू दे मार्तीरवरच्या दुकानात शिरतो आणि आँरिएतचं लग्न झाल्याचं त्याला कळतं. हा प्रसंग चित्रपटात नाही, त्याऐवजी पडद्यावर मजकूर येतो: सोमवारासारखे उदास रविवार घेऊन वर्षं सरली. हे वगळणं कलात्मक निवड होती की चित्रीकरण राहून गेलं, यावर वाद घालू द्यावा. मात्र आधी हा इतिहास हातात द्यावा.

परीक्षेत ‘तुलना करा’ नको. त्यानं ‘चित्रपट कथेशी प्रामाणिक आहे का’ याच वाटेनं उत्तरं येतात. प्रश्न असा ठेवणार: द्युफूर कुटुंबाची मोपासाँचा निवेदक जी चेष्टा करतो, तिचं काम चित्रपटात कोण करतं? तीन शॉट घेऊन दाखवा. उत्तर नटांच्या हालचालींत सापडतं, मादाम द्युफूरच्या लाडिकपणात आणि तिच्या नवऱ्याच्या बढाईत.

साहित्यावरून चित्रपट काढण्याच्या फ्रेंच पद्धतीवर टीका करणारा त्र्युफोचा ‘काइये द्यु सिनेमा’ या मासिकातला १९५४ चा लेख यानंतरच. आधी दिला तर मुलं त्याचंच मत घोकतात. तो झाला की बेर्नानोसची कादंबरी ‘गावच्या पाद्र्याची रोजनिशी’ आणि तिच्यावरचा ब्रेसाँचा १९५१ चा चित्रपट. तिथे वहीत लिहिणारा हात दिसतो, तेच शब्द ऐकू येतात, आणि पुष्कळदा तीच कृती पुढे पडद्यावर दिसते. त्यासाठी तक्त्यात एक रकाना वाढवावा लागेल: ‘हे आधी सांगितलं, की आधी दाखवलं?’