व्यायल्यानंतर म्हशीची लघवी लाल झाली तर

मुंबईतल्या गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांत अनेक म्हशी ताज्या व्यायलेल्याच विकत आणतात. लाल लघवीचा सगळ्यात जास्त धोका व्यायल्यावर दोन ते चार आठवड्यांत असतो, त्यामुळे तो काळ नेमका इथल्या दावणीला जातो. तिसऱ्या ते सहाव्या वेतातली, भरपूर दूध देणारी म्हैस किंवा गाय यात सापडते.

दुधावाटे फॉस्फरस जातो आणि नुसत्या भाताच्या पेंढ्यातून तो भरून येत नाही. तांबड्या पेशींना ऊर्जा बनवायला फॉस्फरस लागतो. तो आटला की पेशींचं आवरण तकलादू होतं, त्या रक्तवाहिनीतच फुटतात आणि हिमोग्लोबिन लघवीत उतरतं. भाजी मार्केटातला कोबी-फ्लॉवरचा पाला ढीगभर घातला तर आणखी बिघडतं, कारण त्यातलं एक गंधकयुक्त द्रव्य पोटात बदलून पेशी फोडतं.

काचेच्या बाटलीत लघवी धरून दोन तास न हलवता ठेवा. लाल गाळ खाली बसून वर पिवळं पाणी राहिलं, तर मूत्रमार्गातून रक्त जातंय. रंग काळ्या कॉफीसारखा वरपासून खालपर्यंत एकसारखा राहिला, तर ते हिमोग्लोबिन. पण तेवढ्यावर थांबू नका. अंगावर गोचीड आणि १०४-१०६ फॅरनहाइट ताप असेल, तर गोचीडताप असू शकतो. रक्ताची काचपट्टी तपासून घ्याच. फॉस्फरसच्या आजारात एवढा ताप सहसा नसतो. शेण घट्ट होतं, पापणीची आतली बाजू पांढरी पडते, छातीची धडधड लांबून दिसते.

तबेल्यात पहिला हात कॅल्शियमच्या बाटलीकडे जातो. तिच्यावर फॉस्फरस लिहिलेला असला तरी बहुधा तो हायपोफॉस्फाइटच्या रूपात असतो आणि शरीराला वापरता येत नाही. लागतं ते सोडियम ॲसिड फॉस्फेट: ६० ग्रॅम, ३०० मिली निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटरमध्ये, शिरेतून अगदी सावकाश. पुढे दर बारा तासांनी तेवढंच कातडीखाली, असे तीन डोस. डायसोडियम फॉस्फेट हे वेगळं रसायन आहे, ते चालत नाही. कॅल्शियमच्या बाटलीत फॉस्फेट मिसळलं तर साका धरतो. हे सगळं डॉक्टरांच्याच हातून व्हायला हवं.

पापण्या कागदासारख्या पांढऱ्या झाल्या असतील तर मात्र फॉस्फेट एकटं पुरत नाही. साडेचारशे किलोच्या जनावराला निदान ५ लिटर रक्त चढवावं लागतं, आणि ते त्याच दिवशी. नाहीतर अशी म्हैस काही दिवसांतच दगावू शकते.

वाचलेल्या जनावराचा कोबी-फ्लॉवरचा पाला बंद करा. गव्हाचा कोंडा आणि डायकॅल्शियम फॉस्फेट असलेलं खनिज मिश्रण रोजच्या आंबोणात चालू ठेवा. लघवी स्वच्छ झाली तरी रक्त भरून यायला आठवडे लागतात.